बंद फ्लॅटचा मेंटेनन्स: आम्ही राहतच नाही, मग पैसे कसले?

रत्नागिरीत सोसायटीची वार्षिक सभा घ्यायला सोयीचा काळ एकच, गणपतीचा. मुंबईचे चाकरमानी आलेले असतात, कोणी जहाजावरून सुटून आलेला असतो, आखातातलं एखादं कुटुंब रजेवर असतं. कायद्यानेही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे तारीख जमते. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, चहा येतो, आणि दरवर्षी न चुकता एक प्रश्न येतो. "आम्ही इथे राहतच नाही. पंपाची मोटार, जिन्यातले दिवे, गटाराचं चेंबर, ह्याचे पैसे आम्ही का द्यायचे?"

हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकलाय. अकरा वर्षं मस्कतला होतो, तेव्हा नाचणे रोडचा माझा फ्लॅट बंद होता आणि मेंटेनन्स मी तिकडून पाठवायचो. आता सहा वर्षं त्याच फ्लॅटमध्ये राहतोय आणि त्यातली चार वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे. म्हणजे पैसे देणाराही होतो आणि आता मागणाराही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठ्या दुरुस्तीबद्दल, म्हणजे कॉलम-बीमची कामं, पूर्ण रंगकाम, ह्याबद्दल नाही. ते लाखांचे विषय असतात आणि त्याला सगळेच गंभीरपणे बसतात. भांडण होतं ते छोट्या दुरुस्तीवरून.

आधी हिशोब बघा. आकडे सोयीसाठी गोल धरलेत, पण आपल्याकडच्या लहान सोसायटीत खर्च साधारण असाच येतो. २४ फ्लॅटची इमारत. त्यातले ९ बंद. वर्षात पंपाची मोटार एकदा जळली, रिवाइंडिंगचे ७,०००. ड्रेनेजचं चेंबर साफ करून नवीन झाकण, ५,०००. जिन्यातले दिवे आणि वायरिंग, ३,०००. टाक्या दोनदा धुतल्या, ६,०००. पावसाआधी गच्चीच्या भेगा भरल्या आणि पन्हळीचे पाइप बदलले, १५,०००. एकूण ३६,०००. चोवीस जणांत वाटले तर वर्षाचे १,५००, महिन्याला सव्वाशे रुपये. नऊ जणांनी हात वर केले तर उरलेल्या पंधरा जणांना वर्षाचे २,४००.

महिन्याला पंचाहत्तर रुपये जास्त, त्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण ते पंधरा जण कोण आहेत ते बघा. निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेले, मुलगा मुंबईला आणि आई इथे एकटी, दोन-तीन दुकानदार. बाहेर गेलेल्यांच्या गच्चीची दुरुस्ती ह्यांनी पेन्शनमधून का करायची?

"आम्ही वापरत नाही" हे म्हणणं अर्धं खरं आहे. पंपाचं पाणी तुम्ही वापरत नाही, लिफ्ट वापरत नाही, जिन्यातला दिवा तुमच्यासाठी लागत नाही. पण गच्ची? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. वर खारा वारा. सळईला गंज धरायला इथे फार वर्षं लागत नाहीत. हा पाऊस कुठल्या फ्लॅटला कुलूप आहे हे बघून पडत नाही. उलट बंद घराला तो जास्त लागतो, कारण आत ओल आली तर सांगायला कोणी नसतं. राहत्या घरात भिंतीला डाग दिसला की दुसऱ्या दिवशी गवंडी येतो. बंद घरात तो डाग पुढच्या मे महिन्यापर्यंत वाढत राहतो, आणि मालक आला की पहिलं वाक्य असतं, "सोसायटी काय झोपली होती का?"

दुसरी गंमत अशी की आमचे बंद फ्लॅट उघडतात कधी? मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात शहराच्या पाण्याची ओढाताण असते, शीळ धरणाची पातळी खाली गेलेली असते, टँकर मागवावे लागतात. नेमकी तेव्हाच घरात आठ-दहा माणसं. पंप दुप्पट चालतो, लिफ्टला उसंत नसते. येऊ देत ना, त्यांचंच घर आहे. पोरांचा आवाज आला की इमारतीलाही बरं वाटतं. फक्त मग अकरा महिने पंप जिवंत ठेवल्याचे पैसे मागितले की कुरकुर नको.

आता कायद्यात काय आहे ते थोडक्यात. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेला आदर्श उपविधी लागू असतात, म्हणजे संस्थेने ते स्वीकारलेले असतात. त्यानुसार सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च वगैरे, सगळ्या फ्लॅटना सारखं. फ्लॅट लहान की मोठा, उघडा की बंद, हे बघायचं नाही. लिफ्टचा खर्चही सारखा. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत सोडून.

हा दुरुस्ती निधीचा आकडा जरा करून बघा. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला ७,५०० रुपये होतात, महिन्याला सव्वासहाशे. आमच्यासारख्या गावातल्या किती सोसायट्या एवढा निधी घेतात? बहुतेक ठिकाणी सगळं मिळून पाचशे-सहाशे रुपये ठरलेले असतात आणि त्यात वॉचमनचा पगारही धड निघत नाही. मग काही मोडलं की "प्रत्येकी दोन हजार काढा". भांडणाचं मूळ इथे आहे. नियमित निधी घेतला असता तर चेंबरच्या झाकणासाठी कोणाला कुवेतला मेसेज करावा लागला नसता.

आपल्याकडच्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे सामाईक खर्च सारखा वाटायचा नसतो. घोषणापत्रात तुमचा जो अविभक्त हिस्सा टक्केवारीत लिहिलाय, त्या प्रमाणात तो द्यायचा. आणि त्या कायद्यात एक गोष्ट स्पष्टच लिहिलेली आहे: सामाईक सोयी मी वापरत नाही किंवा फ्लॅट सोडून दिलाय, असं म्हणून कोणाला खर्चातून सुटका मिळत नाही. म्हणजे "आम्ही राहतच नाही" ह्या वाक्याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

इथपर्यंत वाचून इथे राहणारी मंडळी खूश झाली असतील. आता त्यांच्याबद्दल.

सभेत दुसरं एक वाक्य नेहमी येतं, फक्त ते चाकरमानी उठून गेल्यावर येतं. "त्यांना काय कमी आहे? तिकडे दिनार-दिरहममध्ये कमावतात. लावा त्यांना पाचशे जास्त." हे वाक्य पहिल्या वाक्याइतकंच चुकीचं आहे. मेंटेनन्स हा इन्कम टॅक्स नाही. आणि आखातात कोण कसा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका खोलीत सहा-सहा जण, उन्हात बारा तास काम, दोन वर्षांनी एकदा घरी. रत्नागिरीच्या ज्या फ्लॅटवर "गल्फवाल्याचा" म्हणून बोट दाखवतात, तो कित्येकदा एखाद्या फिटरची किंवा ड्रायव्हरची पंधरा वर्षांची शिल्लक असते. म्हातारपणी परत येऊन बसायला त्याच्याकडे तेवढीच एक जागा असते.

कायदाही ह्या बाबतीत बाहेरच्यांच्या बाजूने आहे. पूर्वी मुंबईतल्या सोसायट्या बिनभोगवटा शुल्काच्या नावाखाली मनाला येईल ते लावायच्या. १ ऑगस्ट २००१ ला राज्य सरकारने सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खाली आदेश काढला की हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही. काही सोसायट्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. २००७ मध्ये माँट ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. सेवाशुल्क सहाशे असेल तर हे जादा शुल्क फार तर साठ रुपये. आणि तेही फ्लॅट भाड्याने दिला असेल तरच. आईवडील, मुलं, भाऊबहीण, सून-जावई, नातवंडं राहत असतील तर नाही. नुसतं कुलूप असेल तरीही नाही. तेव्हा "बंद फ्लॅट आकार" असा रकाना तुमच्या बिलावर असेल तर तो कुठल्या आधाराने घेतला जातोय, हे जरूर विचारा.

मग बाहेरच्या माणसावर अन्याय होतच नाही का? होतो. पण मला तो रकमेत दिसत नाही, मागण्याच्या पद्धतीत दिसतो.

मस्कतला असताना मला मेसेज यायचा: "सर्व सभासदांनी रु. २,००० त्वरित जमा करावेत. कमिटी." कशाचे, किती खर्च झाला, बिल कुठे, काही नाही. विचारलं तर उत्तर यायचं, "तुम्ही इथे नसता, तुम्हाला कळणार नाही." पैसे मी दिले. पण दरवेळी वाटायचं की आपल्याला सभासद समजत नाहीत, एटीएम समजतात. माझ्या खोलीतल्या एकाचा फ्लॅट दुसऱ्या शहरात होता. त्याने ह्याच रागाने चार वर्षं एक रुपया पाठवला नाही. त्याची मागणी एवढीच होती, बिलाचा फोटो पाठवा. तो कोणी पाठवला नाही. थकबाकी वाढत गेली, वर व्याज. उपविधीप्रमाणे हे व्याज सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं. बिलाच्या एका फोटोवरून केवढं वाढलं ते बघा.

आपल्या कोकणात हा प्रश्न नवीन आहे का? अजिबात नाही. सामाईक घर नावाची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलीय. चार भाऊ, तीन मुंबईला गिरणीत, एक गावात. पावसाआधी कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, वासा किडला असेल तर नवीन घालायचा. हे सगळं गावातला भाऊ करायचा आणि खर्च चौघांवर. माझे आजोबा गावातले भाऊ. ते मे महिन्यात मुंबईला पत्र टाकायचे, आणि त्यात सगळं लिहिलेलं असायचं: कौलं इतकी, कोने इतके, गडी दोन, दिवस तीन, मजुरी इतकी, चहापाणी इतकं. शेवटी प्रत्येकाचा हिस्सा. मुंबईहून मनीऑर्डर यायची. भाऊबंदकीची भांडणं आमच्याकडेही झाली, बांधावरून झाली, आंब्याच्या कलमांवरून झाली. कौलांच्या पैशांवरून झालेली मी ऐकली नाहीत. "मी राहत नाही" असं मुंबईच्या भावांनी कधी म्हटलं नाही, कारण घर आपलं आहे हे त्यांना माहीत होतं. आणि "तुम्हाला काय कळतंय" असं आजोबांनी कधी म्हटलं नाही, कारण पै न पैचा हिशोब पत्रात असायचा.

पंधरा पैशाच्या पत्रात जे मावायचं ते आज व्हॉट्सॲपवर मावत नाही, ही आपली रड आहे.

परदेशातही हे वेगळं नाही. दुबईत ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यांना विचारा. तिथे सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर असतो, मालक राहो न राहो भरावाच लागतो. पण तो दर इमारतीच्या मॅनेजरच्या मर्जीवर नसतो, तिथल्या जमीन खात्याच्या मान्यतेने ठरतो. आमचे लोक तिकडे तो निमूट भरतात, आणि इथल्या सव्वाशे रुपयांवर तासभर वाद घालतात, ह्याचं मला आधी नवल वाटायचं. आता वाटत नाही. तिकडे कागद दाखवतात, म्हणून लोक भरतात.

एवढं सगळं का लिहितोय ते सांगतो. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दोन पावसाळे त्यांच्या बेडरूममध्ये बादली होती. गच्चीतून पाणी झिरपलं आणि वरच्या मजल्याचं छत-प्लॅस्टर खराब झालं तर ते काम उपविधीप्रमाणे सोसायटीचं, सोसायटीच्या खर्चाने. ह्यात वाद नव्हता. पण निधीत पैसे नव्हते. पाच बंद फ्लॅटची बाकी होती, आणि इथले काही जण म्हणत होते की ते देत नाहीत तर आम्हीही नाही देत. दुसऱ्या पावसाळ्यात जुलैतल्या एका सकाळी प्लॅस्टरचा परातीएवढा तुकडा त्यांच्या खाटेवर पडला. काका दूध आणायला खाली गेले होते म्हणून वाचले. त्या आठवड्यात आम्ही सात-आठ जणांनी उसने पैसे काढून काम करून घेतलं. त्या पाच फ्लॅटपैकी एकाचा मालक मे महिन्यात आला, वर जाऊन छत बघितलं, काही न बोलता खाली आला आणि सगळी बाकी एकरकमी भरली. बिलांच्या झेरॉक्सही घेऊन गेला. मी त्याला त्या आनंदाने दिल्या.

त्यानंतर आमच्याकडे काही गोष्टी सुरू केल्या. कोणाला उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

१. अचानक वर्गणी बंद. छोट्या दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम सभेत ठरते आणि दर महिन्याच्या बिलात येते. बंद-उघडा फरक नाही, गल्फ-मुंबई फरक नाही.

२. पाचशेच्या वरच्या प्रत्येक खर्चाचं बिल आणि कामाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर. कोणी मागायची वाट बघायची नाही.

३. आदर्श उपविधीत २५ पर्यंत सभासदांच्या संस्थेत समितीला २५,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती सभेला न विचारता करता येते. आम्ही ती करतो, पण दहा हजारांच्या वर गेलं की दोन कोटेशन ग्रुपवर टाकतो आणि दोन दिवस थांबतो. पाणी गळत असेल तेव्हा थांबत नाही.

४. जे मोजून वापरलं जातं ते वेगळं. टँकरचे पैसे त्या महिन्यात ज्यांचं घर उघडं होतं त्यांच्याकडून. मे महिन्यात आलेल्यांनीही ते बिनतक्रार दिले, कारण एप्रिलचे त्यांना लावले नव्हते.

५. किल्ली. बंद फ्लॅटची एक किल्ली इथे नातेवाइकाकडे किंवा शेजाऱ्याकडे हवीच. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला आणि मालक मुंबईला निघून गेले, असं आमच्याकडे दोनदा झालंय. तुमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी गेलं तर तो खर्च सोसायटीचा नसतो, तुमचा असतो, हेही लक्षात ठेवा.

६. सभेच्या वेळी एक मोबाइल खुर्चीवर उभा करून ठेवतो. कोविडच्या काळात ऑनलाइन सभांची सवय झालीच होती. ज्यांना येता येत नाही ते ऐकतात, बोलतात. गेल्या वर्षी एक जण जहाजावरून बोलला, नेटवर्क तीनदा गेलं, पण त्याने पंपाच्या खर्चावर विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता आणि त्यामुळे आमचे पैसे वाचले.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. नऊपैकी दोन फ्लॅटची बाकी अजून आहे. वसुलीसाठी निबंधकांकडे जाऊन दाखला मिळवता येतो, तो मार्ग कायद्यात आहे आणि गरज पडली तर जावं लागेल. पण त्यातला एक माणूस माझ्या शाळेतला आहे, कतारला आहे, सध्या त्याची नोकरी डळमळीत आहे. त्याला हप्ते करून दिलेत. अडचणीतल्या माणसाला मुदत द्यावी, हिस्सा माफ करू नये, एवढं मला कळतं. माफ केलेले पैसे कोणीतरी भरतंच, आणि आमच्याकडे तो कोणीतरी म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका.

ज्यांच्या इमारतीची सोसायटीच झालेली नाही, बिल्डरने नोंदणी करून दिली नाही, त्यांचं काम अजून अवघड आहे. तिथे उपविधी नाहीत, निबंधक नाहीत, फक्त एक ग्रुप आणि एकमेकांवरचा विश्वास. तिथे बिलाचा फोटो आणखी महत्त्वाचा. आणि सोसायटी नोंदवून घ्यायच्या मागेही लागा, तो तुमचा हक्क आहे.

यंदाच्या सभेत गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा विषय आहे. खर्च मोठा आहे, परवानगीचा प्रश्न आहे, वाद होणार. बाहेर असलेल्या आमच्या सभासदांना एवढीच विनंती, कोटेशन ग्रुपवर टाकलीत, गणपतीला येण्याआधी वाचून या. आणि तुमच्या इमारतीत बंद फ्लॅटचं काय करता, तेही लिहा. कोणाकडे ह्याहून बरी पद्धत असेल तर आम्हाला हवीच आहे.